राखेवरची साय

परळीच्या वीज केंद्राची राख पाण्यात कालवून पाईपने येते आणि आमच्या गावामागच्या तळ्यात पडते. तळं नावालाच. पाणी आटलं की करडं मैदान उरतं, आणि उन्हाळी वारा सुटला की ते मैदान उठून गावात येतं. मी तिथेच वाढले. दोरीवरचे कपडे दोनदा झटकायचे, हंड्यावर फडकं बांधून वर झाकण ठेवायचं, हे सगळीकडे असंच असतं असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटत होतं.

आमचं घर मेंढरांचं. वडील गेल्यावर कळप दादाकडे आला आणि मी शिकत राहिले. तळ्याकाठचं गवत खाऊन मेंढरांचे दात लवकर झिजायचे. गवतावर राख बसलेली असते, ती कानशीसारखी दात घासते. दात गेलेलं मेंढरू चरायचं थांबतं. दादा त्याचा जबडा उघडून बघायचा, मिटायचा आणि दुसऱ्याकडे वळायचा.

रसायनशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "तुमच्या भागातला काही विषय आहे का?"

मी म्हणाले, "राख आहे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग तीच घे."

आम्हाला राखेचा वरचा थर जागेवर बसवायचा होता. एवढंच. त्यासाठी असं काही हवं होतं की जे टँकरने फवारता येईल आणि जवळपास मिळेल. साखर कारखान्याची मळी घेतली, गवारीच्या बियांचा डिंक घेतला, चुना घातला. पहिली मिश्रणं वाळली की तडकायची. एक चांगलं जमलं तर त्याला मुंग्या लागल्या. प्रयोगशाळेतल्या ट्रेमधली राख मुंग्यांनी दोन दिवसांत भोकं पाडून ठेवली. सरांनी ट्रे खिडकीपाशी नेऊन बघितला, मग म्हणाले, "मळी कमी कर." असं करत करत एक मिश्रण हाती आलं. ते फवारलं की राखेवर दुधाला धरते तशी साय धरायची आणि वाळून घट्ट व्हायची.

वीज केंद्रातल्या एका इंजिनिअर साहेबांनी तळ्याच्या कडेला खळ्याएवढा तुकडा आम्हाला वापरू दिला. फवारणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी दादाची मेंढरं त्यावरून गेली. मी लांबून ओरडले. दादा सावकाश आला.

"मेंढराला काय कळतंय बाई, तुझी राख कंची आन् बाकीची कंची?"

खुरांखाली साय फुटली होती. आम्ही डिंक वाढवला, दोन थर दिले. मग मेंढरं जाऊनही ती टिकली. त्या उन्हाळ्यात मोठं वारं सुटलं तेव्हा मी आणि दादा काठावर होतो. डोळ्यांवर ओढणी घेऊन मी बघत होते. सगळं तळं उठलं आणि आमचा तुकडा तेवढा खाली राहिला.

दादानं पटक्याचा शेव तोंडावरून काढला. "हे सगळ्या तळ्यावर मारलं तर?"

"मारता येईल."

"मग मारा की. कावून थांबलाव?"

थांबायचं कारण सरांनी सांगितलं होतं. आधी पेटंट, मग बाकीचं. शोधनिबंधसुद्धा त्याच्या आधी छापायचा नाही, कारण एकदा छापून आलं की ते नवं राहत नाही. विद्यापीठात यासाठी वेगळा कक्ष आहे. तिथल्या मॅडमनी आम्हाला समोर बसवून समजावलं. शोधक म्हणून आमची दोघांची नावं लागतील, मालक म्हणून विद्यापीठाचं. विद्यापीठ काही तळ्यावर फवारणी करत बसणार नाही. ते हक्क एखाद्या कंपनीला देणार, कंपनी माल तयार करणार, विकणार. याला तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात. मला ते सरळ वाटलं. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे कंपनी येऊन मारणार. बरं हाय की."

पेटंट मिळायला बराच काळ गेला. तोवर माझी पीएच.डी. झाली, तालुक्याच्या एका कॉलेजात मी शिकवायलाही लागले. पेटंट मिळालं आणि थोड्याच दिवसांत पुण्याची एक कंपनी हक्क घ्यायला तयार झाली. कराराचा कार्यक्रम विद्यापीठाच्या सभागृहात होता. शाल, नारळ, मागे मोठा फलक. दादा धुतलेला पटका बांधून आला होता आणि शेवटच्या रांगेत बसला होता. कंपनीकडून आलेला अधिकारी तरुण होता. त्याने पेटंट खरंच वाचलेलं होतं, मला मुंग्यांबद्दल विचारलं. चहाच्या वेळी दादा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मग कधी मारायचं?"

"येत्या उन्हाळ्यात, काका."

तो खोटं बोलत नव्हता. एकदा तो गावात आलाही. तळ्यावर फिरला, बुटात राख भरून घेतली, आमच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली. वहिनीनं ठेवलेल्या पाण्यावरचं झाकण काढताना त्याने माझ्याकडे बघितलं. "रोज असंच?" मी मान हलवली.

तो उन्हाळा तसाच गेला. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी मी त्याला फोन केला तर नंबर बंद होता. कंपनीत चौकशी केल्यावर कळलं की त्याने नोकरी सोडली. त्याच्या जागी आलेल्या माणसाने नम्रपणे सांगितलं की आमची कंपनी आता दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आहे, कोणती उत्पादनं ठेवायची याचा आढावा चालू आहे. त्यानंतर मी फोन केला की तो ओळखायचा, चौकशी करायचा, आणि आढावा चालूच असायचा. कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणालं असतं तर मी भांडले असते, निदान भांडण्याचा विचार केला असता.

मग गावचे सरपंच आणि दादा मिळून कॉलेजात आले. मी तास संपवून बाहेर आले तर दोघं झाडाखाली उभे. सरपंच म्हणाले, "ताई, पंचायतीचा टँकर हाय. मळी कारखान्यातून आणू. तुमी फक्त किती किती घालायचं ते सांगा. घराच्या अंगाला तरी मारून घेऊ."

मी विद्यापीठात गेले. कक्षातल्या मॅडमनी फाईल काढली, शांतपणे वाचली.

"अभ्यासासाठी तुम्ही कितीही प्रयोग करा. पण गावाला धूळ नको म्हणून मारणं हा वापर झाला. आणि वापराचा हक्क आपण त्या एकाच कंपनीला दिलाय."

"पण ती वापरत नाही."

"वापरलंच पाहिजे अशी अट करारात नाही." त्यांनी फाईल मिटली. "तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता नव्या करारांत घालतो आम्ही."

त्या वाईट बोलल्या नाहीत. चहा मागवला. मी तो प्यायले. सरकारकडे अर्ज करून दुसऱ्याला परवाना मिळवायची वाट कायद्यात आहे, हेही त्यांनीच सांगितलं. पण तो अर्ज कुणी करायचा, वकील कुणी लावायचा, हे फाईलमध्ये नव्हतं. वीज केंद्रातल्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, हक्क कंपनीकडे असतील तर कंपनीने लेखी प्रस्ताव द्यावा, मी परवानगी लगेच देतो. प्रस्ताव आला नाही.

घरी जाऊन दादाला सगळं सांगितलं. तो अंगणात लोकर कातरत होता. कात्री थांबवून त्याने विचारलं, "पेटंट म्हंजे सगळं लिवलेलं असतंय ना? काय घालायचं, किती घालायचं?"

"असतं. कुणालाही वाचता येतं."

"म्हंजे आमाला वाचता येतंय, पण करता येत न्हाई?"

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा कातरायला लागला.

मला वाटतं, मी तिथून पुढेच अशी झाले. दुःख झालं असं म्हणता येणार नाही. दंतवैद्यानं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीतरी. कॉलेजात जायचे, मुलांना ब्युरेट कशी धरायची ते दाखवायचे, पेपर तपासायचे. परीक्षेच्या सुट्टीत गावी जायचे. वारं सुटलं की दारं लावून बसायचे. आमचा तो खळ्याएवढा तुकडा मध्येच नव्या राखेखाली गेला. कुणी मुद्दाम केलं नाही, पाईपचं तोंड त्या बाजूला फिरवलं होतं.

त्या सुमारास दादाने कळप विकला. घाटनांदूरकडचे आमचे एक पाहुणे आहेत, ते येऊन घेऊन गेले. त्यांच्याकडे राख नाही, मेंढरं जगतील, असं दादा म्हणाला. नंतर त्याने ट्रॅक्टर घेतला आणि तळ्यातली राख भरून सिरसाळ्याकडच्या वीटभट्ट्यांना द्यायला लागला. त्याचे केस कायम करडे दिसायचे. मला वाटायचं राखेने, पण एकदा तो डोकं धुऊन आला तरी तसेच होते.

विद्यापीठात मात्र आमचं नाव चांगलं होतं. दर वर्षी अहवालात हस्तांतरित तंत्रज्ञानाच्या पानावर आमचा फोटो असायचा. एकदा तरुण संशोधकांसमोर बोलायला मला बोलावलं. मी तयार केलेली चित्रं दाखवली, पेटंट कसं लिहायचं ते सांगितलं. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅडम, आता हे कुठे कुठे वापरतात?"

मी म्हणाले, "कुठेच नाही."

ती पुढचं काही ऐकायच्या तयारीत उभी राहिली. मी माईक खाली ठेवला. मग सूत्रसंचालकांनी आभार मानले आणि सगळे जेवायला गेले.

पुढे कधीतरी कक्षातल्या मॅडमचा फोन आला. पेटंट जिवंत ठेवायचं तर दर वर्षी शुल्क भरावं लागतं. ते कंपनी भरत होती. यंदा तिने भरलं नव्हतं आणि स्मरणपत्रांना उत्तरही दिलं नव्हतं. "विद्यापीठानं भरायचं का? शोधकांचं मत विचारायची पद्धत आहे."

"नाही भरलं तर?"

"तर पेटंट जाईल. मग ते कुणीही वापरू शकेल."

मी म्हणाले, "सरांशी बोलून सांगते."

सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत पेटंटचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. मी जे ऐकलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझं हे एकच आहे गं," ते म्हणाले.

"सर, नको भरायला."

त्यांनी चौकटीकडे बघितलं. आतून सरांच्या पत्नी पोहे घेऊन आल्या, ठेवून गेल्या. सरांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "तुझं गाव आहे. तू म्हणशील तसं."

त्या वेळी काहीतरी वाटायला हवं होतं. माणसाच्या आयुष्यातली एकुलती एक गोष्ट मी पुसायला सांगत होते. मी पोहे खाल्ले. छान झाले होते.

शुल्क भरू नका असं मी कक्षात कळवलं. मुदत गेली, नंतरची वाढीव मुदतही गेली. गेलेलं पेटंट परत जिवंत करायला कायदा काही काळ देतो, पण ना विद्यापीठाने तसा अर्ज केला, ना कंपनीने काही विचारलं. वीज केंद्रात आता दुसरे साहेब होते. कुणाचा हक्क नाही म्हटल्यावर त्यांनी घरांच्या बाजूचा पट्टा फवारायला परवानगी दिली. मी दादाला सांगायला गेले. तो ट्रॅक्टरच्या चाकाला जॅक लावत होता.

"आता मारता येतंय?"

"येतं."

त्याने जॅकचा दांडा खाली ठेवला. "मारायचं तर मार बाई. पण मी भरतो त्या अंगाला नको मारू. कडक झालेली राख फावड्याला घावत न्हाई, आन् भट्टीवालं बी घेत न्हाईत."

तो ओशाळलाही नाही, हसलाही नाही. काम सांगावं तसं त्याने ते सांगितलं. मी म्हणाले, "बरं."

पंचायतीचा टँकर आला. मळीचा वास गावभर सुटला, पोरीबाळी नाकाला पदर-ओढण्या लावून बघायला आल्या. डिंक मी आधी भिजवून आणला होता, तरी गुठळ्या झाल्या आणि नळी दोनदा तुंबली. दादाने ती काढून तोंडाने फुंकली आणि परत लावून दिली. घरांच्या बाजूचा पट्टा दोन थरांत पूर्ण झाला. दादाच्या बाजूची राख तशीच मोकळी ठेवली.

मार्चच्या शेवटी वारं सुटलं तेव्हा मी गावातच होते. दादाच्या बाजूने राख उठली आणि शेतांकडे गेली. घरांच्या बाजूचा पट्टा हलला नाही. वहिनीने दोरीवरचे कपडे काढले आणि सवयीने दोनदा झटकले. त्यातून फारसं काही पडलं नाही. ती तरीही झटकत राहिली.

सरपंच मोटारसायकलवरून आले, दारातच थांबले. इंजिन चालूच होतं. "ताई, लई बेस झालं. आता असं सांगा, आपला सिरसाळ्याचा रस्ता हाय ना, राखेच्या गाड्यांनी लई धुरळा उडतोय. त्याला बी हेच चालंल का?"

मी म्हणाले, "रस्त्यावर चाकं फिरतात. करून बघावं लागेल."

"मग कधी बघायचं?"

मी म्हणाले, उद्या रस्ता बघायला येते.