गोजरबाईची ओ

धामणगाव बढे गावात कोणालाही विचारा, तो डोळे मोठे करून सांगेल: गोजरबाई रोज सांजेला तलावाकाठी मेलेल्या नवऱ्याला हाका मारते, अन् पलीकडून तो ओ देतो!

साफ खोटं. हाक पाखरू मारतं, ओ गोजरबाई देते.

तिचा नवरा मोतीराम हिवाळ्यात ओसरीवर जुनी पोथी वाचायचा. तिच्यात चक्रवाकांची जोडी होती. रात्र पडली की नदीच्या दोन काठांवर दोघांची ताटातूट, अन् उजाडेपर्यंत नुसत्या हाका. तिथं आला की मोतीराम पोथीतून मान वर काढून स्वतःच ओरडायचा, "गोजरेऽऽ!" चुलीपुढून तिनं ओ दिली, तरच पुढची ओवी.

मोतीराम गेला. दर थंडीत तलावावर तांबूस चक्रवाक उतरतात. यंदा एकटाच उतरला. सांजावलं की तो ओरडतो, पलीकडून काहीच येत नाही. गोजरबाईला ते ऐकवेना, म्हणून ती ओ देऊ लागली. पण तिचं खरं भय निराळं होतं.

"त्यायची हाक माह्या कानातून चालली वं," ती शेजारच्या मयुरीला म्हणाली. मयुरी म्हणजे अस्मादिक. सरपंचापासून रेडकापर्यंत कोणाचाही आवाज काढून मिळेल.

"हात्तिच्या! पलीकडच्या काठावरून मी आजोबाच्या आवाजात मारते हाक. तू ओ देशीनच!"

"नाही देनार. लाव पैज. तू हरली त पाखरू जाईपर्यंत रोज पोथी वाचजो."

दुसऱ्या सांजेला गोजरबाई अलीकडच्या दगडावर बसली. पाणी काळं पडत गेलं. तोच हाक आली, अन् अर्ध्यातच फुटली. मोतीरामची अशीच फुटायची! शेजारीपाजारी ऐकतील म्हणून त्याला लाजून हसू यायचं. ते हसू ती पार विसरली होती. तिच्या तोंडून आपोआप ओ गेली.

मग दुसरी आली. "गोजरेऽऽ!" हुबेहूब, खणखणीत, शेवटपर्यंत. गोजरबाई गप्प बसली.

अस्मादिक चिखलाने माखून धावत आले. "देली ना ओ? मले ऐकू आली!"

"पहिलीले देली. दुसरी तुही होती. तिच्यात हसू नव्हतं."

"आजी, मी त एकच हाक मारली. तुही ओ आली तवा मी चिखलातच फसली होती, हाक मारायचीच होती."

गोजरबाईनं तलावाकडं पाहिलं. "मंग हरली ना तू. चाल, पोथी काढ."

आता रोज वाचन चालतं. त्या ओवीपाशी अस्मादिक थांबतात. हाक मारायची काही हिंमत होत नाही.

चुलीपुढून गोजरबाई तरी ओ देते.