भोंग्याचं मिनिट

भोंग्याचं खरं नाव फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तीही ते चिडल्यावरच काढायची.

बास्केटबॉलच्या हॉलमध्ये तो माइकवर असे. स्कोअरबोर्डाखाली प्लायवूडचं खोकं, आत स्टूल, माइक आणि हा. बाहेर खुर्च्यांची शेवटची रांग लागली की खोक्याचं दार उघडत नसे. मॅच सुरू झाली की भोंगा आत. मग तहान लागो नाहीतर पोटात कळ येवो.

खरं तर त्याला खेळायचं होतं. पण उंची वाटली तेव्हा तो रांगेत शेवटी होता आणि आवाज वाटला तेव्हा त्यानं दोनदा नंबर लावला होता. मग तो रॅपकडे वळला. त्याच्या मते हिप हॉप आणि बास्केटबॉल ही सख्खी भावंडं. एकाच गल्लीत वाढलेली, एकमेकांचे ढगळे शर्ट आणि बूट न विचारता घालणारी. खेळणाऱ्यांना रॅप करायचा असतो, रॅप करणाऱ्यांना उंच व्हायचं असतं. चेंडूचे टप्पे पडतात, कोणी तरी त्यावर शब्द टाकतो, झालं गाणं.

मॅनेजरनं त्याला एका हंगामापुरतं ठेवलं होतं. तो हंगाम काही संपला नाही. भोंग्याचे केस तेवढे संपले. खेळ चालू असताना गुण सांगायचे, एक शब्द जास्त नाही. टाइम-आउटला खेळ थांबला की मिनिटभर रॅप. शिट्टी वाजली की तोंड बंद.

एकदा एका रेकॉर्डिंगवाल्यानं मॅच बघता बघता त्याला ऐकलं. ‘‘पूर्ण गाणं आहे का? तीन मिनिटांचं? असेल तर या. चाललं तर या खोक्यातून सुटाल.’’

गाणं होतं, पाठही होतं. भोंगा बायकोला घेऊन गेला. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला, अलीकडे भोंगा, कोपऱ्यात बायको. पहिलं कडवं असं गेलं की रेकॉर्डिंगवाला खुर्चीतल्या खुर्चीत डोलायला लागला. आणि मिनिट झालं. भोंगा गप्प.

‘‘पुढे?’’

‘‘शिट्टी झाली ना,’’ भोंगा म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच. घड्याळ झाकलं, दिवा घालवला, पाणी पाजलं. एकदा तर दुसऱ्या कडव्यासाठी उघडलेल्या तोंडातून ‘‘खेळाडूंनी मैदानात यावं’’ असं निघालं.

‘‘अहो, इथं कोण खेळाडू?’’ बायको म्हणाली. ‘‘मी आणि हे दादा. आमच्यात काय सामना लावताय?’’

‘‘मी काय मुद्दाम करतोय?’’

‘‘थांबा.’’ ती खाली जाऊन आवारातल्या पोरांकडून चेंडू मागून घेऊन आली. ‘‘तुमचं गाणं टप्प्यातून निघतं म्हणता ना? मी टप्पे देते. टप्पा चालू म्हणजे शिट्टी नाही. चला.’’

रेकॉर्डिंगवाल्यालाही पटलं. ती टप्पे द्यायला लागली आणि काय ठेका धरला बाईनं! भोंग्यानं श्वास घेतला, हात उचलला, ओठ उघडले. आवाज फुटेना. चेंडू पडत असताना एक शब्द जास्त बोलायचा नाही, हे त्याच्या घशाला त्याच्यापेक्षा जास्त पाठ होतं.

टप्पा थांबला की मिनिटभरच सूर, टप्पा सुरू झाला की तोही नाही. बायकोनं चेंडू पोटाशी धरला आणि नवऱ्याकडे बघत राहिली. चिडली मात्र नाही.

‘‘तुकडे जोडू का?’’ रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं.

‘‘दुसरा तुकडा निघाला तर जोडाल,’’ बायको म्हणाली.

शेवटी ते एक मिनिटच त्यानं स्वच्छ करून भोंग्याच्या फोनवर पाठवलं. भोंग्यानं ते मॅनेजरला ऐकवलं. एवढं केलं ते कुणाला तरी दाखवावं, म्हणून.

मॅनेजर खूश. ‘‘मापात बसतंय रे! आता घसा कशाला फोडतोस? टाइम-आउटला हेच लावायचं.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘बटण कोण दाबणार?’’

पुढच्या मॅचला टाइम-आउट झाला. भोंग्यानं बटण दाबलं. हॉलभर त्याचा आवाज घुमला, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. समोरच्या रांगेतून बायकोला दिसत होतं, खोक्यात त्याचे ओठ हलत होते, माइक मात्र बंद होता. मग शिट्टी वाजली आणि दोघंही एकदम गप्प झाले, फोनमधला आणि खोक्यातला.