सेफ्टीकाका आणि डिकीतल्या पेट्या

रायफल रिकामी आहे की नाही हे सेफ्टीकाका नुसतं डोळ्यांनी बघत नसत, करंगळीनेही बघत. बोल्टची खिटी मागे ओढायची, दिव्याखाली धरून आत डोकावायचं, मग डोळे मिटून करंगळीचं टोक आतल्या भोकाच्या कडेवरून फिरवायचं. नाडी लागते की नाही हे बघणाऱ्या डॉक्टरसारखा त्यांचा चेहरा होई. खात्री पटली की हळूच म्हणत, "रिकामी." असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी मला हाक येई.

"तू बघ. हात लावायचा नाही, तू व्हिसावर आहेस, तुला कायद्याने बंदी. नुसतं बघ आणि मोठ्यानं सांग."

मी वाकून बघायचो आणि सांगायचो, "रिकामी."

"आता झालं," म्हणत ते पेटीला कुलूप लावायचे.

मी पेनसिल्व्हेनियात तीन वर्षं त्यांचा भाडेकरू होतो. पुण्याहून आलेला, आठवड्यातून एकदा जर्सी सिटीच्या ऑफिसात तोंड दाखवून बाकी दिवस त्यांच्या बेसमेंटमधून लॉगिन करणारा. काका मूळचे नागपूरचे. कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजी शिकले, ती सुटली नाही. इथे आल्यावर रसायनांच्या एका कारखान्यात सुरक्षा तपासनीस म्हणून त्यांची नोकरी झाली. मराठी मंडळाच्या गणपतीलासुद्धा ते आधी हॉलची सगळी दारं उघडून बघत, वाटेतल्या खुर्च्या हलवायला लावत आणि मगच आरतीला उभे राहत. सेफ्टीकाका हे नाव तिथेच पडलं. काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगी अनघा न्यू हॅम्पशायरला होती.

त्यांच्याकडे एक रायफल आणि एक पिस्तूल होतं, दोन्ही रीतसर त्यांच्या नावावर. शिकार त्यांनी कधी केली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला कागदावरचा नेम पुरतो. कागद ओरडत नाही." हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी पुढे काही विचारलं नाही.

दरवर्षी अनघाच्या गावाजवळ जुन्या नेमबाजांची एक स्पर्धा असे. तिथे जाताना सोबत म्हणून काका मला घेऊन जात. निघायच्या दोन दिवस आधीपासून तयारी चाले. शस्त्रांच्या दोन पेट्या कुलूप लावून डिकीत, गोळ्यांची पेटी वेगळ्या कुलपात, तीनही किल्ल्या काळ्या गोफात काकांच्या गळ्यात. वाटेतल्या प्रत्येक राज्याचा कायदा छापून एका फायलीत लावलेला असे. पेट्रोल आदल्या दिवशीच भरलेलं. सकाळचा चहा बंद.

"एका स्टेटमध्ये जी वस्तू तुझी, ती पुढच्या स्टेटमध्ये गुन्हा असू शकते," ते सांगत. "वस्तू तीच, माणूस तोच. मध्ये रस्त्याच्या कडेला एक पाटी येऊन जाते, बस. कायदा म्हणतो, कुलपात ठेवा आणि सरळ जा. म्हणून आपण सरळ जायचं. न्यूयॉर्क स्टेट फार कडक, तिथे चाक थांबायचं नाही."

पहिल्या वर्षी मी कनेटिकटमध्ये कळवळून म्हटलं, "काका, रेस्टरूम!" ते म्हणाले, "मॅसॅच्युसेट्स संपू दे." तो तास मी जन्मात विसरणार नाही.

राज्याची हद्द आली की मात्र ते बदलत. रेडिओ बंद करत, वेग थोडा कमी करत आणि मान किंचित मागे वळवून डिकीकडे कान देत. "काही हललं का रे?" मी नाही म्हणायचो. "हलू नये," ते म्हणत आणि मैलभर कोणी बोलायचं नाही. त्या शांततेत मलाही वाटू लागे, मागे कोणीतरी श्वास रोखून बसलंय.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात काका म्हणाले, "घरात कोणीतरी येऊन जातंय."

मी हसलो. ते हसले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या खोलीतलं कपाट, जिथे पेट्या असत, त्याच्या फटीवर त्यांनी कागदी चिकटपट्टी लावली होती. ती फाटलेली होती. पेटीचं हँडल भिंतीकडे असायला हवं ते दाराकडे होतं. चोरीला काहीच गेलं नव्हतं. मी दार-खिडक्या बघितल्या. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. आठ दिवसांनी पट्टी पुन्हा फाटली.

सप्टेंबरात एका सकाळी त्यांना सरावाला जायचं होतं. आदल्या संध्याकाळी तपासणी झाली होती, मी स्वतः "रिकामी" म्हणालो होतो. तरी काकांनी पुन्हा पेटी उघडली आणि बोल्ट मागे ओढला. आतून काहीतरी पिवळं उडालं, लाकडी फरशीवर टिक् वाजलं आणि घरंगळत माझ्या चपलेला येऊन टेकलं. जिवंत काडतूस होतं.

मी पाय उचलला, हात लावला नाही. काका त्या काडतुसाकडे बघत राहिले. मग त्यांनी गळ्यातल्या किल्ल्या चाचपल्या. एक, दोन, तीन. सगळ्या होत्या.

"तू बघितलं होतंस ना काल?"

"हो काका. रिकामी होती."

"मग?"

त्यांनी त्याच दिवशी खोलीत कॅमेरा बसवला.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. लॅपटॉपवर मंगळवारची दुपार दिसत होती. खोलीचं दार उघडलं, काका आत आले. गोफ गळ्यातून काढला, कपाट उघडलं, पट्टी फाटली. गोळ्यांच्या पेटीतून एक काडतूस काढून त्यांनी रायफलमध्ये सरकवलं, सवयीच्या, न चुकणाऱ्या हातांनी. मग खुर्ची ओढून, रायफल मांडीवर आडवी घेऊन ते दाराकडे तोंड करून बसले. चाळीस मिनिटं, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे. शेवटी उठून सगळं होतं तसं ठेवलं आणि जाता जाता कॅमेऱ्याकडे वळून बघितलं. ती नजर ओळखीची नव्हती. त्या वेळी मी बरोबर त्या खोलीच्या खाली, हेडफोन लावून मीटिंगमध्ये बोलत होतो.

काकांनी ते पुन्हा लावलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "स्वेटर माझाच आहे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, डॉक्टरांना दाखवू या. होतं असं कधीकधी, ताणामुळे…"

"कारखान्यात असतो ना," ते मला थांबवत म्हणाले, "तर मी या माणसाला गेटच्या आत सोडलं नसतं."

त्यांनी तिथूनच अनघाला फोन लावला. आधीच ठरलं होतं की कधीतरी दोन्ही शस्त्रं तिला द्यायची. तिथल्या परवानाधारक दुकानदारामार्फत, कागदपत्रं करून, ती तिच्या नावावर व्हायची होती. ती म्हणाली, "बाबा, मी वीकेंडला येते." काकांना तेवढाही धीर नव्हता. "ही वस्तू आणि मी एका घरात नको," एवढंच ते म्हणाले. मग अनघा माझ्याशी बोलली. "प्लीज, डोन्ट लेट हिम गो अलोन." गाडीची किल्ली त्याच वेळी मागून घ्यायला हवी होती, असं आज वाटतं. पण वर्क व्हिसावरच्या माणसाने डिकीत शस्त्रं असलेली गाडी चालवायची, या कल्पनेचीच मला भीती वाटली. काकाच स्टिअरिंगवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा दाट धुकं होतं. न्यूयॉर्कची पाटी आली आणि गेली. रेडिओ चालूच होता. काकांनी मान वळवली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी इंडिकेटर दिला आणि शांतपणे एक्झिट घेतली.

"काका, ही आपली एक्झिट नाही."

"माहितीये मला."

गाव लहान होतं. दुकानांच्या काचांवर आतून कागद चिकटवलेले, पोर्चमध्ये रिकाम्या खुर्च्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काका न अडखळता डावीकडे वळले, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. एका फिकट निळ्या घराच्या ड्राइव्ह-वेमध्ये त्यांनी गाडी घातली आणि इंजिन बंद केलं.

"आलो बाबा एकदाचे," ते म्हणाले. उतरले, डिकी उघडली आणि सामान घरात न्यावं तसा पेटीच्या हँडलला हात घातला.

मी धावत मागे गेलो. "काका, नको. हे आपलं घर नाही. आपण न्यूयॉर्कमध्ये आहोत!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कॅमेऱ्यातली तीच नजर.

इतक्यात घराचं दार उघडलं. पांढऱ्या केसांची एक म्हातारी बाई हळूहळू पायऱ्या उतरून आली. आमच्याकडे पाहून ती दचकली नाही. तिने काकांच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "यू आर लेट."

"आय नो," काका म्हणाले. "फॉग होता फार."

पेटीवरचा हात सुटला. तो हात बाईने आपल्या हातात घेतला आणि दोघं जाऊन पायरीवर बसली. मी डिकी लावली. इग्निशनमधली किल्ली काढून खिशात टाकली.

आतून पन्नाशीची एक स्त्री पळत आली. त्या म्हातारीची मुलगी. ती माझी माफी मागायला लागली आणि मी तिची. तिच्या आईला आता काही आठवत नाही, तिने सांगितलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण दोन वर्षांपासून आई रोज सकाळी खिडकीत त्यांची वाट बघत बसते. मग ती पायरीवरच्या त्या दोघांकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली की कोणीतरी आलं, असं आज पहिल्यांदाच झालं.

मी डिकीला पाठ टेकवून उभा होतो. रस्त्यावरून पोलिसांची गाडी सावकाश गेली. आतल्या माणसाने हात केला. मीही केला.

दहा मिनिटांनी काका आपण होऊन उठले. "मी जाऊन येतो," त्यांनी त्या बाईला चक्क मराठीत सांगितलं. तिने समजल्यासारखी मान हलवली. काका येऊन माझ्या बाजूच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट लावला. पेट्यांच्या किल्ल्या त्यांच्या गळ्यात, गाडीची माझ्या हातात. व्हिसाचा विचार मनात आला आणि मी तो तसाच बाजूला सारला. आयुष्यात इतकं सावकाश मी कधी गाडी चालवली नाही.

मॅसॅच्युसेट्स ओलांडताना त्यांनी विचारलं, "न्यूयॉर्कमध्ये आपण थांबलो का रे?"

"नाही काका."

"बरं झालं."

दुकानदाराने पेट्या उघडल्या, दोन्ही शस्त्रं तपासली. काका त्याच्या बोटांकडे बघत होते. फॉर्मवर त्यांनी सावकाश, वळणदार सही केली आणि गोफ गळ्यातून काढून काउंटरवर ठेवला. अनघा त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "बाबा, यू डिड इट राइट," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

काका तिच्याकडेच राहिले. पेनसिल्व्हेनियाचं घर पुढे विकलं, मी जर्सी सिटीत खोली घेतली. पण शस्त्रं दिली त्या दिवशी मला बसस्टॉपवर सोडायला ते अनघाबरोबर आले होते. ती तिकिटाचं बघायला आत गेली तेव्हा त्यांनी माझी बाही धरली.

"त्या बाई अजून खिडकीत असतील," ते म्हणाले. "कळवायला हवं, मी पोचलो म्हणून."

न्यूयॉर्कमध्ये थांबलो नाही हे मी खोटं बोललो, हे त्यांना ठाऊक होतं. डोळे मात्र त्या क्षणी अगदी स्वच्छ होते, तपासनिसाचे.

"कळवतो," मी म्हटलं.

फोनच्या नकाशात त्या निळ्या घराचा पत्ता राहिला होता. घरी गेल्यावर मी एक कार्ड आणलं आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ लिहिली, सुखरूप पोचलो. खाली नाव कोणाचं लिहायचं, यावर मी बराच वेळ अडलो. शेवटी ती जागा कोरी ठेवून कार्ड टपालात टाकलं.