विमलचं ठरलं तेव्हा

पौषातली दुपार होती. अंगणात उन्हाला बसून मी तुरीच्या शेंगा सोलत होते, तेवढ्यात आत फोन वाजला. समुद्रपूरहून विमलचा भाचा सुरेश बोलत होता. "मावशी, आत्याबाई गेल्या. सकाऊन चहा घेतला, ओसरीत उन्हात बसल्या… अन् बसल्या बसल्याच." मग म्हणाला, "तरास नाई झाला त्यायले." एवढ्या वर्षांनीही सुरेशचा आवाज ऐकला की मला एक बैलबंडी आठवते. त्याचं कारण पुढे येईल.

विमल आणि मी वर्ध्याला एका बाकावर बसून मॅट्रिक झालो. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. माझे वडील शाळामास्तर. ती समुद्रपूरच्या शेतकऱ्याची मुलगी, शिकायला म्हणून मामाकडे ठेवलेली. तिच्या 'मले-तुले'ला वर्गातल्या मुली पदराआड हसत. तिला त्याचं काही वाटत नसे. गणिताच्या तासाला आम्ही सगळ्या न समजताही माना डोलवायचो. ही एकटी उभी राहायची आणि म्हणायची, "गुरुजी, मले नाई समजलं. पुन्हा सांगा." गुरुजी चिडत, पण सांगत, आणि मग ते आम्हा सगळ्यांनाच समजे. न समजलेली गोष्ट समजली असं स्वतःलाही सांगायचं नाही, हा तिचा स्वभाव होता. पुढे तिच्या आयुष्यात जे घडलं ते याच स्वभावातून घडलं, असं मला आता वाटतं.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि त्या उन्हाळ्यात तिच्यापुढे एकदम तीन वाटा आल्या. देवळीचं स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, घरी ओलिताची शेती. माझ्या वडिलांनी आम्हा दोघींसाठी शिक्षिकेच्या ट्रेनिंगचे अर्ज आणले होते. तिसरं, मामांच्या ओळखीने कचेरीत कारकुनी मिळण्यासारखी होती. तीनही गोष्टी चांगल्या होत्या आणि तीच तिची अडचण होती. ती जेवेनाशी झाली. तिच्या मामी म्हणत, "पोरीले नजर लागली." शेवटी एका रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघी पवनारला गेलो आणि धाम नदीच्या पात्रातल्या खडकांवर पाण्यात पाय सोडून बसलो.

पायाने पाणी ढवळत ती म्हणाली, "लता, मी साठीची होईन तवा माहा दिवस कसा जाईन, ते मी पाहून राह्यली."

"आणि काय दिसतं?"

तिने खरंच सांगायला सुरुवात केली. देवळीच्या घरातला दिवस तिने सकाळच्या चुलीपासून सांगितला. सासू कोणत्या खोलीत, सुना कोणत्या, दुपारी काय निवडायचं, सगळं. मग मास्तरणीचा दिवस, मग कचेरीतला. प्रत्येक दिवस ती दुपारपर्यंत आणायची आणि तिथे अडकायची. "याच्या पुढं मी त्या दिवसात नाईच," असं म्हणायची. मी तिला वेड्यात काढलं. इतकं पुढचं कोण बघतं? "काऊन नाई पाह्यचं?" ती म्हणाली. "बाबा आंब्याचं रोप लावते तवा सावली कोठं पडन ते पाहूनच लावते नं?" मी ट्रेनिंगचा अर्ज भरून टाकला होता, तो वडिलांनी आणला होता म्हणून. मी सुखात नोकरी केली, तक्रार नाही. पण त्या दिवशी मी माझा एकही दिवस तिच्यासारखा पाहिला नव्हता, हे खरं.

निकालाआधी ती गावी गेली. तिची वहिनी अवघडलेली होती. कळा सुरू होऊन दीड दिवस झाला, गावच्या दाईने, भागाबाईने, हात टेकले. मग पहाटे बंडी जुंपली. भावाने बैल हाकले, विमलने वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं आणि काळ्या मातीच्या चाकोऱ्यांतून हिंगणघाटच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. वहिनी वाटेत दोनदा बेशुद्ध झाली. दवाखान्यात डॉक्टर नव्हते, एक पोक्त नर्सबाई होत्या. त्यांनी विमलकडे एकदा पाहिलं, म्हणाल्या, "रडत नसशील तर आत ये, मला हात पाहिजेत." दोन तासांनी वहिनीची सुटका झाली. बाळ निळं पडलेलं होतं. नर्सबाईंनी त्याला पालथं धरून चोळलं, फुंकर घातली, पुन्हा चोळलं… आणि ते रडलं. ते बाळ म्हणजे सुरेश.

विमल वर्ध्याला परतली ती सरळ माझ्याकडे. बसलीही नाही. "माहा दिवस दिसला मले," म्हणाली. "सकाऊनपासून दिवे लागेपर्यंत. कोठंच अडकली नाई मी. समुद्रपूरलेच राहीन अन् हेच करीन."

तिच्या वडिलांना हे सांगणं सोपं नव्हतं. आज नर्स म्हटलं की लोक अदबीने बोलतात. तेव्हा चांगल्या घरच्या मुलीने परक्याचं रक्त-घाण काढायची, रात्री-बेरात्री कुणाच्याही घरी जायचं, ही कल्पनाच लोकांना सोसत नव्हती. तिचे वडील मोठे शांत गृहस्थ. त्यांनी आरडाओरड केली नाही, नुसतं "आपल्या घरात हे नाई" म्हणाले आणि शेतावर निघून गेले. विमलने हट्ट धरला नाही. चार दिवसांनी ती त्यांना म्हणाली, "बाबा, नाई म्हना. पन पाहून म्हना. एक दिवस माह्यासंगं हिंगणघाटले चाला, दवाखान्यापुढं बसा."

ते गेले. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले. बंड्या येताना पाहिल्या. आत जाणाऱ्या बाया पाहिल्या. एका बंडीवरून बाईला उतरवलंच नाही, तशीच परत फिरवली, तेही त्यांनी पाहिलं. परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता सरला. मग त्यांनी विचारलं, "पोरी, हे किती वर्सं करशीन?"

"हात चालन तोवर, बाबा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः देवळीला जाऊन स्थळाला नकार देऊन आले. विमलने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी आमच्या स्वयंपाकघरात होतो. तिला एवढं हसू फुटलं होतं की हातातली पोळी तव्यावर करपली.

नागपूरला शिकत असताना ती मला पत्रं लिहायची. त्यात रडगाणं नसे, बेत असत. परतल्यावर पहिली दोन वर्षं पायी जाऊन येण्यासारखी गावं करायची. बायका बोलावणार नाहीत, तरी जायचं, नुसतं बसायचं. दायांशी भांडायचं नाही, त्यांनाच आपल्या बाजूला घ्यायचं. मग घराच्या पुढच्या अंगाला एक खोली बांधायची. मी म्हणायचे, ही नर्स होते आहे की किल्ला लढवते आहे?

ती परत आली तोवर आपण मुंबई राज्यात गेलो होतो. पहिले सात-आठ महिने तिला कुणी बोलावलं नाही. ती रोज सकाळी पिशवी घेऊन निघायची, कुणाच्या ओसरीवर ताक पिऊन परतायची. एक दिवस भल्या सकाळी भागाबाईच दमत आली. नंदोरीच्या एका मोठ्या घरची सून, मूल पायाळू, आणि सासू म्हणते नर्स घरात नको. "तू चाल," भागाबाई म्हणाली. "मी सांगतो तिले." वडिलांनी बंडी जुंपली. दारात सासूने अडवलं तेव्हा विमल म्हणाली, "मोठ्या बाई, मी भागाबाईच्या हाताखाली आली. त्या सांगतीन तसं करतो." भागाबाईने पदर खोचला, दोघी आत गेल्या. बाहेर बंडीपाशी विमलचे वडील उभे होते. दुपार कलायच्या आत बाळाचा आवाज आला, मग आईचाही. सासू बाहेर आली आणि विमलच्या वडिलांना म्हणाली, "पोरगी कोनाची हाये?" ते गृहस्थ आयुष्यात मोठ्याने बोलले नव्हते. त्या दिवशी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माही."

त्यानंतर थांबणं नव्हतंच. पंचक्रोशीतल्या दाया तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या, त्यांत पहिली भागाबाई. खोली बांधली गेली, ठरवली होती त्याच जागी. हिंगणघाटपर्यंत बंडी न्यावी लागणं विरळ झालं. लग्न तिने केलं नाही. मी एकदा भीत भीत विचारलं, चुकल्यासारखं वाटतं का? ती विचार करून म्हणाली, "वाटलं कधी कधी, तापात पडली तवा. बाकी नाई." न समजलेलं समजलं असं ती तेव्हाही म्हणाली नाही.

मागच्या आठवड्यात मी समुद्रपूरला जाऊन आले. सुरेशची मुलगी मनीषा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला भेटायला गेले तर म्हणाली, आजी, जरा बसा. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. थोड्या वेळाने ती दुपट्यात गुंडाळलेलं नवं बाळ घेऊन बाहेर आली. त्याची आजी हात पसरून उभीच होती. पण मनीषाने बाळ लगेच दिलं नाही. खाली वाकून त्याच्या कानाशी सावकाश म्हणाली, "ये बापा. तू समुद्रपूरले आला. हे तुही आजी. गाव तुहं गिरड. भिऊ नको, सारे आपलेच हायेत." मग दिलं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आत्याआजी सांगे," मनीषा म्हणाली. "नवीन मानसाले पयले पत्ता सांगावा, म्हने." आणि हात धुवायला आत गेली, कारण दुसरी बाई आली होती.