मोठं काढा!

आमचे हे दुकानांची नावं रंगवतात. दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टरांचं नाव काढलं, तर पहिलं अक्षर कलिंगडाएवढं आणि शेवटचं मुंगीएवढं! मी चिडले, "रंग वाचवताय का?"

डॉक्टर आले. मी भांडायला कंबर कसली, तर ते ह्यांचं मनगट वाकवून बघायला लागले. "हात थरथरत नसला, तरी अक्षर असं बारीक होत जाणं ही कंपवाताची सुरुवात असू शकते."

तपासणीत तेच निघालं. औषध सुरू झालं, आणि मुद्दाम मोठं लिहायचा हुकूमही.

आता हे शिडीवर, मी खाली. "मोठं काढा!" मी ओरडते आणि अख्खी गल्ली हसते.

डॉक्टरांचं नाव पुन्हा रंगवलं. ते भिंतभर झालं, पदवी शेजारच्या सलूनवर गेली. न्हावी ती पुसू देत नाही.