पांढऱ्या गाडीतली बाई

वामन मास्तरांच्या पांढऱ्या गाडीत एक बाई मेली होती म्हणे. मी ही बातमी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती नुसतीच बाई होती. दुसऱ्या दिवशी उखर्डूच्या चहाटपरीवर तिच्या अंगावर हिरवं लुगडं चढलं. पुढच्या आठवड्यात ती पोटुशी झाली. आणि महिना उलटायच्या आत ती अमावस्येला मागच्या सीटवर बसलेली दिसायला लागली. आमच्या गल्लीतल्या दोघा-तिघांनी तर तिला डोळ्यांनी पाहिलं. त्यातल्या एकाला स्वतःची सासू भर उन्हात ओळखू येत नाही, पण ते जाऊ द्या.

गोष्ट त्या बाईची नाहीच. गोष्ट आमच्या लीलाधर चौधरीची.

लीलाधर केळी मंडीतला दलाल. माणूस गोड, पण माल आवडला की याचं तोंड कडू व्हायचं. शेतकऱ्याचे घड सोन्यासारखे दिसले की हा लांबूनच मोठ्यांदा म्हणायचा, "काय बारीक फणी आहे हो! बागेला रोग लागला काय?" बाकीचे व्यापारी बिचकायचे, भाव उतरायचा आणि माल हाच उचलायचा. मंडीत हे सगळेच करतात, याच्याइतकं सुरेख कोणाला जमत नाही. लग्नासाठी मुलगी पाहायला गेला तेव्हासुद्धा सवयीने चारचौघांत बोलून बसला, "रंग जरा दबलेला आहे." आणि घरी येऊन आईच्या मागे लागला, मुहूर्त कधीचा काढता म्हणून. कुसुमवहिनींनी ते वाक्य अजून माफ केलेलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं की समजावं, आज आठवण निघाली.

तर त्याची पोरगी दीपाली खकनारच्या शाळेत मास्तरीण लागली. बसची वेळ आणि शाळेची वेळ यांचं काही जमेना. गाडी घ्यायची ठरली. पोरगीच म्हणाली, "पप्पा, पुरानीच घ्या. हात बसेपर्यंत मी ठोकणारच आहे."

दोन गाड्या समोर आल्या. एक समोरच्या घरातल्या वामन मास्तरांची. मास्तरांनी जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली आणि म्हातारपणी नेमके डोळे गेले. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, म्हणून ती पांढरी गाडी विकायला काढलेली. ही साधी गाडी नव्हती. आमच्या गल्लीतली प्रत्येक नवरी त्याच गाडीत बसून सासरी गेली. मास्तर स्वतः चालवायचे, पेट्रोलचे पैसे घ्यायचे नाहीत.

लीलाधर पाहायला गेला तर मास्तरांनी आधी खोड दाखवली. "हा बंपर नवा आहे. डावा दिवापण नवा. ट्रॅक्टरचा धक्का लागला होता. इथे हात फिरव, रंगातला फरक बोटाला कळतो." मग सर्व्हिसच्या पावत्यांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. तेल कधी बदललं, ब्रेक कधी पाहिले, सगळं.

दुसरी गाडी लालबाग रोडला चेतनच्या यार्डात. लालभडक, आरशासारखी. चेतन म्हणाला, "भाऊ, इंदूरच्या डॉक्टरीणबाईची गाडी. दवाखाना ते घर, बस. एक स्क्रॅच दाखवून द्या, गाडी फुकट घेऊन जा!"

लीलाधरने डिकीतली चटई उचलली. खाली काळपट डाग पसरलेले. केळीचा चीक! तो कपड्याला लागो की गाडीला, जन्मात निघत नाही.

"का रे चेतन," लीलाधर म्हणाला, "डॉक्टरीणबाई केळीचे घड तोडायला जात होती काय?"

या गाडीने डिकी भरभरून घड वाहिलेत, मागची स्प्रिंग बसलीय, हे त्याला तिथेच कळलं. म्हणजे ठोकलेली असूनही मास्तरांची गाडीच खरा माल. मनात पक्कं झालं. आणि मनात पक्कं झालं की लीलाधर काय करतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

टपरीवर कोणीतरी सांगत होतं की मास्तरांच्या गाडीला शहापूरचं गिऱ्हाईक येऊन राहिलं. लीलाधर चहावर फुंकर मारत म्हणाला, "कोणती, ती ठोकलेली? मोठा अ‍ॅक्सिडेंट झाला होता तिचा. आत काय झालं असेल, कोणाला माहीत."

एवढंच. गिऱ्हाइकं थोडी मागे सरतील, मास्तर भाव उतरवतील, मग आपण उचलू. पण केळीला ठेवलेलं नाव संध्याकाळपर्यंत केळीबरोबर ट्रकात बसून दिल्लीला जातं. गाडीला ठेवलेलं नाव गल्लीतच राहतं आणि रोज जेवतं. ते जेवून जेवून बाई झालं, आणि एक दिवस लीलाधरच्याच स्वयंपाकघरात शिरलं.

"माझी पोरगी त्या गाडीत बसणार नाही," कुसुमवहिनी म्हणाल्या.

"अगं, कोणी मेलं-बिलं नाही त्यात."

"तुम्हाला काय माहीत?"

आता सांगायची वेळ होती. लीलाधरने तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून निघालं काय, तर "कोणाला माहीत."

लाल गाडी घरी आली.

मग गल्लीतल्या मोतीलालच्या पोरीचं, निशाचं, लग्न आलं. मास्तरांनी सकाळीच गाडी धुतली, हाताने चाचपून चाचपून. झेंडूची माळ लावली. ड्रायव्हर म्हणून भाच्याला बोलावून ठेवलं. बिदाईच्या वेळी चावी हातात घेऊन मांडवाशी उभे राहिले. "मोतीलाल, गाडी तयार आहे रे."

मोतीलालने खाली पाहिलं. "मास्तर, ते... पोरीच्या मामाने आधीच दुसरी सांगून ठेवली होती."

खंडव्याहून भाड्याची मोठी गाडी येऊन उभी होती, तिला कोणी सजवलंही नव्हतं.

"बरं, बरं," मास्तर म्हणाले. "मोठी आहे ना? चांगलं झालं. पोरीला पाय पसरता येतील." मग भाच्याला म्हणाले, "आपली माळ काढून तिला लाव. नवरीची गाडी उघडी दिसते."

लीलाधरच्या हातात मावा-जिलेबीची प्लेट होती. ती त्याने तशीच ठेवून दिली. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, वाया नको म्हणून मी खाल्ली. पण त्याचा चेहरा मी पाहिला.

त्या दिवसापासून तो मास्तरांचं दार टाळून मागच्या बोळाने जाऊ लागला. मंडीत त्याचा आवाजच बसला. एकदा तर चांगल्या घडाला सरळ चांगला म्हणाला, आणि सगळे व्यापारी त्या मालापासून लांब पळाले. लीलाधर चांगलं म्हणतो म्हणजे आत नक्की कीड! इकडे लाल गाडी खकनारच्या रस्त्यावर दर आठवड्याला बसून राहायची. दीपाली म्हणायची, "पप्पा, ये गाडी नहीं, केळीचा ठेला आहे." तो ऐकून घ्यायचा. जणू त्याला तेवढीच शिक्षा बरी वाटत होती.

शेवटी एका रविवारी टपरी भरलेली असताना, मास्तर बाकावर बसलेले असताना, लीलाधर उभा राहिला.

"ऐका रे. ती बाई मी मारली."

उखर्डूच्या हातातली किटली तिरपी झाली.

"म्हणजे ती बातमी. मी सोडली. भाव पाडायला. गाडीत काही झालेलं नाही."

मग उखर्डू म्हणाला, "भाऊ, मन लई मोठं तुमचं. मास्तरांची गाडी खपावी म्हणून स्वतःच्या अंगावर घेऊन राहिले."

"अरे, खरं सांगतो! तापीमाईची शपथ!"

"पाहा, शपथसुद्धा घेऊन राहिले!"

"आणि मी पाहिली ती बाई काय खोटी?" सासू न ओळखणारा म्हणाला.

मास्तर उठले. चाचपत आले, लीलाधरचा हात सापडल्यावर दोन्ही हातांत धरला. "लीलाधर, कोणी कोणासाठी इतकं करत नाही रे."

"मास्तर, मी खरंच..."

"कळतं मला. बोलू नकोस."

मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलेल्या भावात, एक शब्द न काढता, लीलाधरने पांढरी गाडी घेतली. लाल गाडी चेतनकडे परत गेली, आता तो ती कोणा वकीलसाहेबांची म्हणून दाखवतो म्हणे. कुसुमवहिनींनी पुष्कळ आदळआपट केली. दीपाली म्हणाली, "मम्मी, भूत असेल तर असू दे, सुबह चालू तो होती है." ती रोज त्याच गाडीने खकनारला जाते.

रविवारी लीलाधर मास्तरांना तापीच्या राजघाटावर फिरायला नेतो. भेटेल त्याला मास्तर सांगतात, "हा आपला सच्चा माणूस." तेव्हा लीलाधर उगाचच गियर बदलतो. लोक म्हणतात, तो आरशात मागे बसलेल्या बाईकडे पाहतो, म्हणून त्याचा चेहरा तसा होतो.

गाडीत कोणी मेलं नव्हतं. ती मास्तरांच्या दाराशी उभी होती. एक ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना त्याचा तिला धक्का लागला, बंपर आणि डावा दिवा फुटला. आत कोणी बसलेलं नव्हतं. बाकीचं आधी लीलाधरने आणि मग गल्लीने रचलं.