शेऱ्याचा रकाना

हैदराबादेतल्या दिलसुखनगरच्या आमच्या शाळेला बाहेरचे लोक मतिमंदांची शाळा म्हणायचे. आत मात्र तो शब्द उच्चारायला बंदी होती. आत सगळी मुलं 'स्पेशल' होती, आणि मी आया होते.

नऊ वर्षं मी ते काम केलं. टीचर कागदावर लिहायची, 'मुलगा स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावेल.' मग मी त्या मुलाच्या मागे बसून त्याच्या हातांवर माझे हात ठेवून रोज बटणं लावायची. सहा महिन्यांनी केव्हातरी तो माझे हात झटकून स्वतःच लावायचा, आणि टीचर कागदावर बरोबरची खूण करायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण उंटावर बसायला सर्टिफिकेट लागतं. टीचर टिकतही नसत. कुणाचं लग्न ठरायचं, कुणाच्या नवऱ्याला व्हिसा मिळायचा. नवी आली की पहिले चार दिवस मी तिला शिकवायची आणि पाचव्या दिवसापासून ती मला शिकवायची.

आंध्र आणि तेलंगण वेगळे झाले, त्या सुमाराला आमच्याकडे तपासणी झाली. स्पेशल एज्युकेशनचं बीएड असल्याशिवाय कुणी वर्गावर उभं राहायचं नाही, असं बजावून साहेब निघून गेले. आमच्या हेडमॅडमनी मला बोलावलं. मुलं दुपारी झोपायची तेव्हा अभ्यास करून मी पत्राद्वारे बीए झाले होते, ते त्यांना आठवलं. नोकरी सांभाळून दोन वर्षांत करता येईल असा कोर्स होता. मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत फॉर्म भरा. या वर्षी नाही जमलं तर मला बाहेरून टीचर घ्यावी लागेल, आणि मग ती जागा तुमच्यासाठी परत रिकामी होणार नाही." म्हणजे रिटायर होईपर्यंत नव्या नव्या टीचरांना पहिले चार दिवस शिकवत बसायचं. मला ते नको होतं. टीचर व्हायचंच होतं, अगदी हावरटासारखं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: तुम्ही लोकल की नॉन-लोकल? राज्याचे दोन तुकडे झाल्यावर कोण कुठल्या तुकड्यातलं, याचा पुरावा लागत होता. माझे आजोबा नांदेडकडून बोचकं बांधून हैदराबादेत आले, तेव्हा इथं निजाम होता. त्या राज्याचे पुढे तीन भाग झाले, आमचं गाव महाराष्ट्रात गेलं आणि आजोबा नोकरीपायी इथंच राहिले. तेव्हापासून आम्ही जागचे हललो नाही, राज्यंच बदलत गेली. तरी मी इथली आहे, हे मलाच सिद्ध करायचं होतं. त्यासाठी शाळेची सात वर्षं इथं झाल्याचा दाखला हवा होता.

घोडं पेंड खात होतं ते इथं. कोठी भागातली माझी मराठी शाळा मुलांअभावी केव्हाच बंद पडली होती. तिची रजिस्टरं शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेली होती, आणि त्या ऑफिसचीच तेव्हा वाटणी चालली होती. निम्म्या कपाटांवर दुसऱ्या राज्याच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तिथल्या तेलुगू क्लार्कनं दोन दिवस शोधून आमच्या शाळेचं रजिस्टर काढलं, तो शुक्रवार होता. त्यानं ते उघडलं, पाहिलं आणि माझ्याकडे फिरवलं.

"मराठी है, अम्मा. इदर किसीकू नै आती. तुमीच पढ के बोलो, मैं लिख लेतूं."

माझ्याविरुद्धचा किंवा माझ्या बाजूचा, जो काही पुरावा होता तो मीच वाचून दाखवायचा होता. मला हसू आलं. नाव वाचलं, बापाचा धंदा वाचला, जन्मतारीख, जात, शाळेत आल्याची आणि गेल्याची तारीख वाचली. सात वर्षं पुरी भरत होती. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात आमच्या गुरुजींच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'दुसरीत वाचन नाही. मंद.'

माझे कान तापले. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. दुसरी संपली तरी मला वाचता येत नव्हतं. अक्षरं दिसायची, पण एकाला दुसरं जोडलं की सगळा चिखल व्हायचा. गुरुजींनी मला शेवटच्या बाकावर बसवून सोडून दिलं होतं. आमच्या शाळेत पाणी भरायला, लहान मुलांना सांभाळायला एक मावशी होत्या. मधल्या सुट्टीत त्या मला माठाजवळ बसवायच्या आणि ओल्या बोटानं फरशीवर अक्षरं काढायला लावायच्या. "हे काय काढलंस? मला सांग बरं," म्हणायच्या. मी सांगायची. चुकलं तरी त्या मान डोलावायच्या, कारण त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मीच मग चूक शोधायची, कारण त्यांना खोटं सांगणं मला बरं वाटायचं नाही. अशी मी तिसरीत वाचायला लागले.

"इसमें क्या है?" क्लार्कनं विचारलं.

"कुछ नै. ये छोड दो."

"एक खाना भी खाली नक्को, अम्मा. ऊपर का ऑर्डर है." त्यानं रजिस्टर स्वतःकडे ओढलं. शाळेत शिकलेल्या हिंदीच्या जोरावर तो बोट ठेवून शेवटचा शब्द लावू लागला. "मं... द... मंदु?" त्याचा चेहरा उजळला. "मंदु? मेडिसिन?"

तेलुगूत मंदु म्हणजे औषध. माझ्यासमोर शनिवारचा फॉर्म होता. दाखल्यावर 'मंद' आलं असतं तर कॉलेजात मी कुठल्या बाजूला बसायची, हाच प्रश्न निघाला असता.

"हौ," मी म्हणाले. "मंदु. बचपन में बीमार रहती थी."

त्यानं लिहून घेतलं, वर "बिचारी" म्हणाला आणि शिक्का मारला. इतिहासात ध चा मा झाला तेव्हा एकाचा जीव गेला. माझ्या उकारानं मला लोकल केलं.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात प्रोफेसर बाईंनी सांगितलं, मुलाला एकदा लावलेलं लेबल निघत नाही. सगळ्यांनी वहीत उतरवलं. मीही उतरवलं, खाली रेघ मारून.

दोन वर्षांनी मी टीचर झाले. पहिलाच रिपोर्ट लिहायचा होता एका सात वर्षांच्या मुलीचा. तिची आई कुकटपल्लीहून दोन बस बदलून आली होती. रिपोर्टात शेऱ्याचा रकाना होताच, आणि तो रिकामा ठेवायची सोय नव्हतीच. माझ्या वेळी दोन अक्षरांत काम भागलं होतं, आता लांबलचक इंग्रजी शब्द लागतो. मी तो लिहिला. स्पेलिंग तपासून लिहिला.

आईनं नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं. "ये क्या लिखे, मॅडम?"

मंदु म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. जीभ तयार होती. पण ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की मला लाज वाटली.

"इसकू सीखने टाइम लगता," मी म्हणाले.

"कित्ता टाइम?"

याला काय उत्तर द्यायचं ते कोर्समध्ये शिकवलं होतं: प्रत्येक मूल वेगळं असतं, पालकांना मुदत सांगू नये.

"मेरेकू तीसरी तक लगा," मी म्हणाले.

तिनं बोट रकान्यावरून उचललं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली. "फिर तुमकू कौन सिखाए? टीचर?"

"नै," मी म्हणाले. "आया."